अठरा बाय बारा

शहापुरात सराफ गल्लीच्या मागं माझं दुकान.
ॲल्युमिनियमच्या खिडक्या, सरकती दारं,
कधीमधी एखादं शोकेस.
हुंदऱ्यांचा निहार आला. पाठीला कॉलेजची बॅग,
हातात दह्याचा डबा, झाकणाला सुईची भोकं.
"मामा, काचेची पेटी पायजे."

त्यानं झाकण चिमटीत उचललं.
नारिंगी. पेन्सिलीएवढं जाड.
टेपची पट्टी डबीत बसते
तसं स्वतःभोवती गुंडाळून बसलेलं.
"कॉर्न स्नेक. विष नाही. इथलं नाही हे,
कागद हायत माझ्याकडं."

मी म्हटलं, चार बाय दोन करू.
वाढतंय की ते.
शाळेची चड्डी शिवताना
दुमडीत चार बोटं जास्ती धरतात, तसं.
काच मी घरच्या भावात लावतो.
"खरं मामा, मोठ्या पेटीत हे खात नाही."
खात नाही?
"भितंय. एवढी मोकळी जागा बघून
कोपऱ्यात जाऊन बसतंय.
आठ-आठ दिवस पुढ्यातलं पिल्लू तसंच."

मी पेन्सिल कानावर ठेवली.

नऊ वर्षांचा असताना मला धारवाडला ठेवलं होतं.
बोर्डिंगचा हॉल एवढा लांब
की खोकलं तर खोकला फिरून यायचा.
साठ पोरं, एकाचंही बोलणं कळत नव्हतं.
ताटात भात, वर सारू.
तीन दिवस मी नुसता कालवत बसलो.
चौथ्या रात्री अंथरूण ओढत नेलं
दोन ट्रंका आणि भिंतीमधल्या फटीत.
पाठ पत्र्याला, गुडघे चुन्याला.
कूस बदलायलाही जागा नाही.
झोप लागली.
सकाळी वाढप्याला म्हटलं, इन्नू.
अजून.
माझा पहिला कानडी शब्द तो.

निहारला यातलं काही सांगितलं नाही.
"किती मग?" एवढंच विचारलं.

डब्यातनं काऊंटरवर सोडलं त्याला.
ते कडेकडेनं सरकत गेलं,
मी बाजूनं टेप धावडवला.
पावणेचौदा, शेपटीचा आकडा सोडून.
मग ठरलं: लांबी अठरा,
रुंदी बारा, उंचीही बारा.
एका अंगाला ऊब, दुसऱ्या अंगाला गारवा,
दोन्हीकडं एकेक करवंटी पालथी, लपायला.
आणि झाकणाला फट नको.
"करंगळीचं नख जाईल तिथनं हे जातंय मामा."
खिडक्यांना सुद्धा एवढं बारीक काम
कुणी मागितलं नव्हतं मला.

काच कापताना आकडे माझ्या तोंडात कानडीतच येतात.
बोलणं मराठी, शिव्या मराठी, माप कानडी.
हत्तु, हन्नोंदु, हन्नेरडु,
हदिनेंटुला हिऱ्याची रेघ थांबली
आणि काच
टक् करून सुटली.

पुढं चार महिने पत्ता नाही.
मग एका दुपारी आला, पेपरात काहीतरी जपून गुंडाळलेलं.
कात.
डोळ्यांवरच्या दोन टिकल्यांसकट अख्खी.
मी टेप लावला. सव्वीस!
"नाही मामा, कात ताणली जाते.
साप त्याच्यापेक्षा आखूड असतोय."
हे मला माहीत नव्हतं.
आपण सोडलेलं आपल्याहून लांब भरतं.

खातंय का? "खातंय की. दर आठवड्याला."
मग घेतोस काय माप पुढच्याचं?
पोरगं जरा विचारात पडलं.
"एवढ्यात नको. रोज रात्री काचेला नाक घासत फिरायला लागलं
की येतो."
कात तिथंच विसरून गेला.
पंख्यानं ती काऊंटरवरनं हलायला लागली,
मी वर एक बिजागरी ठेवली.

चार बाय दोनची एक काच
मागच्या भिंतीला उभी करून ठेवलीय.
कोपऱ्यात खडूनं लिहिलंय: हुंदरे.
दोन गिऱ्हाइकांनी मागितली.
नाही दिली.